एक जानेवारीला जन्मलेले त्रेचाळीस लोक

आमच्या दुकानात वस्तू विकत घेणं अगदी सोपं होतं; ती घरी नेणं ज्याच्या त्याच्या नशिबावर. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. त्याच नशिबाच्या जोरावर माझ्या घरची चूल अकरा वर्षं पेटली.

इंदूरच्या एका मोठ्या दुकानात मी पिकअप काउंटर सांभाळत असे. माझ्या सासऱ्यांची शेवटपर्यंत समजूत होती की जावई पिकअप गाडी चालवतो. "गाडी सावकाश चालवा हो," असं ते दर फोनला सांगायचे आणि मीही "हो" म्हणायचो. खरं काम समजावून सांगायला जास्त वेळ लागला असता.

ते आता सांगतो. मिक्सरपासून चष्म्यापर्यंत सगळं मिळणारं ते दुकान. गिऱ्हाईक मोबाईलवर वस्तू मागवणार, ती सांवेर रोडच्या गोदामातून खोक्यात बंद होऊन येणार आणि माझ्या पाठीमागच्या मांडणीवर नंबर लावून बसणार. मग गिऱ्हाइकाला ईमेल जाणार. त्या मेलमध्ये एक काळा-पांढरा चौकोन असतो, तो कोड. तो स्वतःच्या फोनवर उघडून दाखवायचा, मी त्यावर मशीन धरायचं, टिक वाजलं की खोकं द्यायचं. आधी साधा मेसेजही यायचा, तो कंपनीने बंद केला. सात दिवसांत कोणी आलं नाही, तर सातव्या दिवशी संध्याकाळी पाचच्या गाडीने खोकं परत सांवेर रोडला. ऐकायला किती सुटसुटीत! पण त्यासाठी माणसाजवळ फोन हवा, फोनमध्ये चार्जिंग हवं, नेट हवं, ईमेल हवा आणि त्याचा पासवर्ड आठवायला हवा. हे सगळं एका वेळी जवळ असलेलं गिऱ्हाईक आलं, की मला त्याला चहा पाजावासा वाटे.

बहुतेकांचं पहिलं वाक्य ठरलेलं, शेवटी 'भैया'चं इंदुरी 'भिया' लावून. "मेल आलाच नाही, भिया." मेल आलेला असायचा. पण तो लग्नाच्या स्थळांच्या, कर्जाच्या आणि बक्षीस लागल्याच्या मेलांखाली गाडला गेलेला असायचा. मग फोन माझ्या हातात. मी खणत बसायचो आणि मागची रांग माझा उद्धार करायची. एकाचा फोन इतका तडकलेला, की मशीन त्या चौकोनाला कोडच मानेना. एका बाईंनी तो कोड नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला होता. त्यांच्या आधी त्यांची जाऊ येऊन खोकं घेऊन गेली. जाऊबाईंकडे कोड होता, माझा नाइलाज होता.

बेटम्याचे एक बियाणांचे व्यापारी मला कायम आठवतात. पहिल्या ऑर्डरचा कोड त्यांनी मुलाकडून कागदावर छापून घेतला आणि वर प्लास्टिक चढवलं, रेशनकार्डासारखं. ते कार्ड खिशात घालून ते दर खेपेला यायचे. प्रत्येक ऑर्डरचा कोड वेगळा असतो, हे मी त्यांना चार वेळा समजावलं. चौथ्या वेळी ते म्हणाले, "भिया, आदमी वही, दुकान वही, तुम भी वही. फिर कोड काहे को बदले?" मी त्यांचा फोन मागून घेतला आणि नवा कोड खणायला लागलो.

तुम्ही म्हणाल, एवढी ओळख होती तर देऊन टाकायचं खोकं. तेही करून झालं होतं. सुरुवातीच्या वर्षांत एक गृहस्थ बायकोने मागवलेला कुकर न्यायला आले. नवरा-बायको दोघंही माझ्या चांगल्या ओळखीचे, दर दिवाळीला जोडीने यायचे. कोड बायकोच्या फोनमध्ये, फोन घरी. मी हसत हसत कुकर दिला. दुसऱ्या दिवशी त्यांची बायको आली, हातात फोन, फोनवर कोड. सहा महिन्यांपासून ती वेगळी राहत होती आणि नव्या बिऱ्हाडासाठी तिने तो कुकर मागवला होता. ती भांडली नाही. "त्यांनाच कसा दिलात?" एवढंच म्हणाली आणि उभी राहिली. मला नोटीस मिळाली ती वेगळी, पण त्या बाईचा चेहरा नोटिशीपेक्षा जड गेला. तेव्हापासून मी नियम धरला: चेहरा पाहायचा नाही, कोड पाहायचा. हाताखाली जो नवा माणूस येई, त्याला पहिल्या दिवशी हेच वाक्य शिकवायचो. मुळ्ये म्हणजे नियमाला पक्का, असं माझं नाव झालं. ते मला आवडायचंही.

पण या पक्क्या माणसाने दुसऱ्या हाताने काय चालवलं होतं, ते आता कबूल करतो.

ज्यांना ईमेलच नाही, अशी म्हातारी माणसं यायची. त्यांना परत पाठवणं माझ्या जिवावर यायचं. मग मी त्यांच्या फोनवर ईमेल उघडून द्यायचो, त्यावरच दुकानाचं खातं काढून द्यायचो. पासवर्ड मीच ठरवायचो. तो लक्षात राहायचा नाही, पण फोन तो आपल्या पोटात ठेवतो, त्यामुळे कोणाचं अडत नसे. पासवर्ड विसरल्यास खात्रीसाठी एक दुसरा मोबाईल नंबर द्यावा लागतो. तिथे मी काउंटरचा नंबर टाकायचो, कारण म्हातारी माणसं अडली की माझ्याकडेच येणार. जन्मतारीख विचारली जाते. तिथलं कॅलेंडर एक जानेवारीवर उघडतं. मागे रांग असायची. मी फक्त वर्ष विचारून तेवढं सरकवायचो आणि दिवस-महिना आहे तसा ठेवायचो. असे एक जानेवारीला जन्मलेले त्रेचाळीस ज्येष्ठ नागरिक मी इंदुरात निर्माण केले. सगळे मला आशीर्वाद द्यायचे. कोणी लाडू आणायचं, कोणी लोणचं. परोपकाराची चटक फार वाईट, ती लागल्याचं कळत नाही.

गेल्या वर्षी निवृत्त झालो. निरोपसमारंभात शाल-श्रीफळ घेतलं आणि काउंटरचा मोबाईल टेबलावर ठेवला. नवी यंत्रणा आली होती, तो नंबर कंपनीने बंद करून टाकला. त्या नंबराला त्रेचाळीस माणसं टांगलेली आहेत, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

यंदा उन्हाळ्यात एका सकाळी सबनीस सरांचा फोन आला. छत्रीबागेत राहणारं हे जोडपं. सर रेल्वेतून निवृत्त, नजर अधू; वर्तमानपत्राचे मथळेसुद्धा त्यांना धुरकट दिसतात. त्यांची बायको मालतीबाई मराठी शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. नजर तीक्ष्ण, पण कानांनी दगा दिलेला. मूलबाळ नाही. बाई सरांना वाचून दाखवायच्या, सर बाईंना दाराची घंटा सांगायचे, असा संसार. बाईंच्या कानातलं मशीन हरवून तीन महिने झाले होते.

"मुळ्ये, नवं मशीन दुकानात येऊन पडलंय," सर म्हणाले. "आणि आम्हाला ते मिळत नाहीये."

हकिगत अशी होती. बाईंच्या कानाचं माप दुकानातच घेतलं होतं. मापाबरहुकूम बनवलेलं मशीन यायला दीड महिना लागला. ते आलं त्याच सुमारास बाईंचा फोन कपडे भिजवलेल्या बादलीत पडला. बेटम्याच्या भाच्याने नवा फोन आणून दिला. नव्या फोनवर ईमेल उघडेना. पासवर्ड विचारी, तो कोणालाच ठाऊक नव्हता. मग म्हणे, तुमच्या दुसऱ्या नंबरावर आकडा पाठवला आहे, तो टाका. दुसरा नंबर माझा, म्हणजे काउंटरचा, म्हणजे आता कोणाचाच नाही.

"आज कितवा दिवस?" मी विचारलं.

"सातवा."

मिक्सर परत गेला तर दुसरा येतो. पण मापाची वस्तू परत गेली की ती मोडीत निघते. पुन्हा माप, पुन्हा दीड महिना. आणि ते दोघं तीन महिने कसे राहत होते, ते सरांनी मग सांगितलं. सर बोलले तर बाईंना ऐकू येत नाही. लिहून दाखवावं तर सरांना कागदावरची ओळ दिसत नाही. एकावर एक अक्षरं पडतात. ओरडावं तर शेजारी समजतात, म्हातारा बायकोला छळतो. "शेवटी मी बोलणंच सोडलं, मुळ्ये," ते म्हणाले. "आणि आता तीही बोलत नाही. दिवस दिवस घरात शब्द नसतो."

दुपारी तीनला मी त्या दोघांना रिक्षात घालून दुकानात पोहोचलो. काउंटरवर रक्षा होती. ही मीच तयार केलेली मुलगी, हुशार, चटपटीत. मला पाहून तिचा चेहरा फुलला. आयुष्यात पहिल्यांदा मी काउंटरच्या अलीकडच्या बाजूने उभा होतो. मांडणीवरचं छोटं खोकं मला दिसत होतं. त्यावर बाईंचं नाव होतं.

"काका, कोड?" रक्षा म्हणाली.

मी सगळं सांगितलं. ती ऐकत होती आणि कसनुशी होत होती. "काका, मला मालूम आहे हे यांचंच आहे. पण सिस्टीम बिना कोडचं खोकं उचलूच देत नाही. आणि दिलं तर... तुम्हीच तर सिखवलं होतं ना, चेहरा नाही बघायचा म्हणून?"

हो, मीच. तिचा राग यायला हवा होता, पण आला अभिमान, आणि त्या अभिमानाने मला आणखीच कानकोंडं झालं.

"एक रस्ता आहे," ती म्हणाली. "कस्टमर केअर. ते नवीन नंबरवर कोड देतात. फक्त जिच्या नावाची ऑर्डर आहे, तिला स्वतः बोलावं लागेल."

आता पाहा. ऑर्डर मालतीबाईंच्या नावाची, कारण मशीन त्यांच्या कानाचं. आणि फोनवर बोलायचं त्यांनीच, ज्यांना मशीनशिवाय फोन ऐकू येत नाही. सर म्हणाले, "मी बोलतो तिच्या वतीने." पलीकडच्या मुलीने ते ऐकून घेतलं आणि गोड आवाजात सांगितलं, "सॉरी सर, हमें खाताधारक की आवाज़ चाहिए."

तेव्हा रक्षाने डोकं चालवलं. तिने फोनचा स्पीकर लावला, पावत्यांचा गठ्ठा पालथा केला आणि एक जाड पेन घेतलं. पलीकडची मुलगी जे विचारी ते रक्षा कोऱ्या बाजूवर मोठ्या अक्षरात लिही, बाई वाचत आणि उत्तर देत. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्याने बाईंचा सूर शाळेच्या मैदानावरचा लागला. नाव सांगितलं, ते चष्म्याच्या विभागापर्यंत गेलं. पत्ता सांगितला, तो बहुधा रस्त्यावर. गिऱ्हाइकं थांबून पाहू लागली. मॅनेजर केबिनमधून बाहेर येऊन उभे राहिले.

"जन्मतिथि बताइए, मॅम."

रक्षाने लिहिलं. बाईंनी खणखणीत सांगितलं, "तेईस फरवरी, उन्नीस सौ उनचास."

"सॉरी मॅम, ये रिकॉर्ड से मॅच नहीं हो रही. एक ही मौका और मिलेगा, फिर खाता चौबीस घंटे के लिए लॉक हो जाएगा."

आणि माझ्या डोक्यात ते कॅलेंडर उघडलं. एक जानेवारीचं. साडेचार वाजले होते, खाली परतीची गाडी लागली होती. मी रक्षाच्या हातातून पेन घेतलं आणि कागदावर लिहिलं: 'बाई, १ जानेवारी सांगा. फॉर्म मी भरला होता. घाईत तीच तारीख राहिली.'

बाईंनी वाचलं. चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. पंधरा-वीस माणसांसमोर, त्याच मैदानी आवाजात म्हणाल्या, "माझा जन्म तेवीस फेब्रुवारीचा आहे, मुळ्ये. मी खोटं सांगणार नाही."

सरांनी कपाळावर हात मारला. "अगं मालती, एकदाच!" ते कळवळून ओरडले, पण बाईंना ते ऐकू जाणार कसं? रक्षाने पुढचा कागद ओढून लिहिलं, 'आजी प्लीज, नाहीतर मशीन परत जाईल.' बाईंनी तोही वाचला. मशीन त्यांनाही हवं होतं, आमच्या सगळ्यांहून जास्त. पण ज्या बाईने पस्तीस वर्षं मुलांच्या दाखल्यांवर जन्मतारखा तपासून सह्या केल्या, ती स्वतःची तारीख बदलणार नव्हती. मला त्या क्षणी त्यांचा संताप आला, आणि लगेच माझा स्वतःचा.

मग त्या फोनकडे वाकल्या आणि सावकाश बोलल्या. "बेटी, मेरा जन्म तेईस फरवरी का है. वो मैं नहीं बदलूँगी. मगर ये फॉर्म मैंने नहीं भरा. जिन्होंने भरा वो मेरे सामने खड़े हैं, और लिखकर दे रहे हैं कि उन्होंने एक जनवरी डाल दिया था. सच इतना ही है. अब तुमको जो ठीक लगे, करो."

पलीकडून "एक मिनट, मॅम," आणि होल्डचं ते टिणटिण संगीत सुरू झालं. त्या काउंटरभोवती ते फक्त एका माणसाला ऐकू येत नव्हतं, आणि तेवढंच माणूस निवांत उभं होतं. मॅनेजर माझ्याकडे पाहत होते. अकरा वर्षांत त्यांनी मला असं कधी पाहिलं नव्हतं. "मुळ्येजी, आप तो..." एवढं म्हणून ते थांबले. नियमाला पक्का मुळ्ये भर दुकानात उघडा पडला होता आणि त्याला लपायला काउंटरही उरलं नव्हतं.

संगीत थांबलं. "जी मॅम, एक जनवरी रिकॉर्ड में है. आपने दोनों बातें बता दीं, मैंने अपनी सुपरवाइज़र से पूछ लिया है. आपकी सही तारीख भी अभी डाल देती हूँ. कोड किस नंबर पर भेजूँ?"

पाचला दहा मिनिटं कमी असताना टिक वाजलं.

मशीन बसवून देणारी मुलगी आतल्या खोलीत होती. तिने ते कानात बसवलं, आवाज लावला आणि बाईंना विचारलं की कसं वाटतंय. बाई सरांकडे वळल्या. "बोला," म्हणाल्या.

सर तीन महिन्यांचे तुंबलेले. पण ऐन वेळी त्यांना काही सुचेना. "काय बोलू?"

"काहीही बोला."

"मग... चहा घ्यायचा का कुठे?"

बाईंचे डोळे भरून आले. "घेऊ या," त्या अगदी हळू म्हणाल्या. इतक्या हळू, की तीच का ती मघाची बाई, असं वाटावं.

मी दाराशी उभा होतो. मला वाटलं, आता माझे आभार मानतील. जुनी चटक! बाईंनी मला जवळ बोलावलं. "मुळ्ये, मुलाचं गणित मास्तरांनीच सोडवून दिलं, तर त्याला आम्ही शिकवणं म्हणत नव्हतो. मूल खूश व्हायचं, आईबापही खूश व्हायचे. पण परीक्षेला मास्तर सोबत नसतात." सर मध्ये पडले, "जाऊ दे गं, चांगल्या मनानेच केलं त्यांनी." "म्हणून तर सांगतेय," बाई म्हणाल्या.

बाहेर पडताना रक्षाने मला थांबवलं. "काका, एक विचारू? असे अजून किती आहेत?"

मी आकडा सांगितला. तिने कपाळाला हात लावला नाही, हसलीही नाही. "मग जावं लागेल ना, सगळ्यांकडे?" म्हणाली.

जातोय. उन्हाळ्यापासून हेच काम चाललं आहे. ज्यांचे फोन अजून चालू आहेत, ते बंद पडायच्या आत गाठायचे. काही जण माझ्याआधीच वर गेले; एक जानेवारी ही तारीख त्यांच्या नावापुढे तशीच राहील, आणि त्याचं मला वाईट वाटतं. बाकीच्यांकडे तासतासभर बसतो. त्यांचा नंबर, त्यांची तारीख, त्यांचा पासवर्ड, आणि हे सगळं त्यांच्या बोटांनी. कोणाची बोटं कापतात, कोणाला दर अक्षराला शंका. मला सारखं वाटतं की तो फोन ओढून घ्यावा आणि दोन मिनिटांत करून टाकावं. हात मांडीखाली दाबून बसतो.

छत्रीबागेत मात्र सगळ्यांच्या आधी गेलो होतो. मालतीबाई फोन आणि चष्मा घेऊन तयारच बसल्या होत्या. ईमेलवाल्या कंपनीकडे अर्ज करून ईमेल पुन्हा मिळवायला आम्हाला दोन बैठका लागल्या. नंबर त्यांनी स्वतः टाकला. तेवीस फेब्रुवारी शोधायला कॅलेंडर कसं सरकवायचं, ते तीनदा विचारलं आणि चौथ्यांदा स्वतः केलं. मग नव्या पासवर्डाची चौकट उघडली. मी सवयीने पुढे वाकलो. "बाई, सोपा ठेवा, मी सुचवतो..."

बाईंनी फोन छातीशी धरला.

"मुळ्ये," त्या म्हणाल्या, "जरा तोंड फिरवा."

मी तोंड फिरवून खिडकीकडे पाहत उभा राहिलो. मागे एक एक अक्षर टिकटिकत होतं, सावकाश, आणि मला वळून पाहायची परवानगी नव्हती.